खाजणपाड्याला गाडी वळते

खाजणपाड्याच्या वत्सलाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण डेपोकडून आलेलं पत्र तिला तोंडपाठ होतं. 'सदर गावी गाडी वळविण्यास पुरेशी जागा उपलब्ध नसल्याने आपल्या मागणीचा विचार करता येत नाही.' तीन वर्षांत तीन अर्ज गेले आणि तिन्ही वेळा हेच उत्तर आलं, बदलली ती फक्त तारीख. तलाठी वामन सावे यांनी पहिल्यांदा ते वाचून दाखवलं, तेव्हा तिने विचारलं होतं, "सदर गाव म्हंजे आमीच ना?"

"तुम्हीच," वामनराव म्हणाले.

"मग नाव घ्यायला काय जीभ झडली?"

साल सत्त्याऐंशी. बोईसरला कारखान्यांची पाळी सुटली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे, आणि तिथून सात किलोमीटरवर, समुद्राच्या कडेला बसलेल्या खाजणपाड्यात एक एसटी यायची मारामार! बांधकाम खात्याने दोन वर्षांपूर्वी गावापर्यंत छान डांबरी रस्ता आणून सोडला होता. त्या रस्त्यावरून यायचं कोणी, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. वत्सला त्याच रस्त्याने बावीस वर्षं डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला चालत जात होती. आधी मातीवरून जायची, आता डांबरावरून. टोपलीच्या वजनात काही फरक पडला नाही.

स्वतःच्या चालण्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. तिला घोर होता तो मंदाचा. मंदा, तिची एकुलती एक मुलगी, यंदा दहावीला होती आणि मास्तर म्हणत होते, पोरगी हुशार आहे, पालघरच्या कॉलेजात घाला. पण रामूने, मंदाच्या बापाने, एका वाक्यात विषय संपवला होता. "गाडी नाय, तं कालेज नाय. सात किलोमीटर एकटी पोर रोज कोन धाडंल?" त्याचंही काही चुकत नव्हतं, आणि त्याचाच वत्सलाला जास्त राग येई. गाडी आली नाही तर नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा समुद्रात जातील तेव्हा दुसरी टोपली मंदाच्या डोक्यावर चढणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी वामनराव सायकल ढकलत आले आणि देवळापाशी बायकांना गोळा करून त्यांनी सरकारी कागद उघडला. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता आपत्तीची रंगीत तालीम होणार होती. म्हणजे खरी आपत्ती नाही, पण आली तर गाव किती वेळात हलवता येतं, ते बघायचं. दोन एसटी गाड्या येतील, सगळ्यांना घेऊन डोंगराकडच्या मासवणच्या शाळेत नेतील, तिथे ठाण्याहून येणाऱ्या जिल्ह्याच्या साहेबांसमोर माणसं मोजली जातील आणि संध्याकाळी परत आणून सोडतील.

"गेल्या वर्षी झाली की तुमची तालीम," समोरच्या घरातली चंद्रकांता म्हणाली. गेल्या वर्षी गाड्या दूर फाट्यावर उभ्या राहिल्या होत्या आणि भोंगा लावलेली जीप गावात ओरडत फिरली होती. बायकांनी जीप थांबवून आतल्या साहेबांना सुकट घेणार का म्हणून विचारलं होतं. फाट्यापर्यंत चालत कोणीही गेलं नाही. मासवणला मोजलेल्या माणसांचा आकडा शून्य आला आणि भर बैठकीत बोलणी बसली ती बिचाऱ्या वामनरावांना.

"म्हणून तर यंदा गाड्या गावात आणायच्या ठरल्यात," वामनराव म्हणाले.

वत्सला भिंतीला टेकून बसली होती, ती ताठ झाली. "गावात? एसटी? आनि वळनार कशी?"

"तेच तर सांगायला आलोय." वामनरावांनी देवळासमोर बोट दाखवलं. रस्ता जिथे संपत होता तिथे दोन्ही बाजूंना बोंबील वाळवायच्या वलांड्या उभ्या होत्या, बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या. "एवढ्या बाजूला घेतल्या तर गाडी वळेल."

एकदम गलका झाला. वलांडीची जागा म्हणजे शेताच्या बांधासारखी असते, पिढ्यान् पिढ्या ठरलेली. ती हलवा म्हणणं म्हणजे चूल हलवा म्हणण्यापैकीच. त्यातून देवळासमोरची जागा सगळ्यात वाऱ्याची. उजव्या हाताची वत्सलाच्या सासूची, गोजराबाईची, आणि डाव्या हाताची चंद्रकांताची. दोन्ही घरं गेली तीस वर्षं एकमेकांचे बांबू वीतभर पुढे सरकले की काय, यावर डोळा ठेवून होती.

"आनि गुरवारी पुनवंचं उधान हाय," वत्सला म्हणाली. "अकराला भरतीवर बोटी लागतील. मासली उतरवू का तुमच्या तालमीला येऊ?"

"सरकारी तारीख आहे, वत्सलाबाई. तिला भरती-ओहोटी कळत नाही." वामनरावांनी कपाळावरचा घाम पुसला. मग कागदातलं शेवटचं वाक्य घाईघाईने वाचून टाकलं, "घर सोडताना फक्त मौल्यवान वस्तू आणि तीन दिवस पुरेल एवढे अन्न सोबत घ्यावे," आणि ते निघून गेले.

वत्सलाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली होती. एकदा, फक्त एकदा, ठाण्याच्या साहेबांच्या डोळ्यांदेखत गाडी देवळासमोर वळली, की डेपोचं ते पत्र खोटं पडणार होतं.

बुधवारी दुपारची जेवणं उरकल्यावर तिने कोयता घेतला आणि स्वतःच्याच वलांडीच्या दोऱ्या सोडायला लागली. तिसरी गाठ सुटायच्या आत गोजराबाई ओटीवरून उतरल्या आणि बांबूला मिठी मारून उभ्या राहिल्या.

"माझ्या सासूनं रोवलेला बांबू हाय ह्यो! मला मारून टाक, मंग काड!"

"आई, गाडी वळली पायजे."

"वळूं दे नायतर समुद्रात जाऊं दे! आमी काय गाडीनं गेलो होतो?"

वत्सलाचा पारा चढला. सासूला कधी उलटून न बोललेली ती बाई त्या दिवशी बोलली. "नाय गेलात, म्हनूनच डोक्यावर मधोमध केस नाय तुमच्या! माझे पन चाललेत. आता मंदाचे जाऊं देत का? सांगा, ठेवू तिच्या डोक्यावर टोपली?"

गोजराबाईंची मिठी सैल झाली. त्यांचा हात नकळत पदराखाली, टाळूवर गेला. चाळीस वर्षं टोपली बसून तिथे रुपयाएवढं टक्कल पडलं होतं आणि आजवर घरात त्याचा कोणी उच्चार केला नव्हता. वत्सलाला वाटलं, आता सासू कडाडणार. पण म्हातारीने बांबूला हलवून पाहिलं आणि ती चिडून म्हणाली, "उभी काय राह्यलीस? मी एकटी उपटू का?"

समोरून चंद्रकांता हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. यांनी बांबू काढले आणि आपण नाही काढले, तर गाडी न वळल्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटेल, हे तिला कळत होतं. शिवाय मोठेपणात मागे राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. "तुमचे चार काडलेत ना?" ती ओरडली. "मी सहा काडते!" सूर्य मावळेपर्यंत देवळासमोर इतकी मोकळी जागा झाली की पोरं तिथे लंगडी खेळायला लागली.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना गाड्या आल्या. पुढे जीप, जीपमध्ये ठाण्याचे साहेब, त्यांच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ. सोबत डेपोचे निरीक्षकही होते आणि गाडीला ओरखडा गेला तर जबाबदार कोण, असं ते वामनरावांना सारखं विचारत होते. गाव मात्र ओस पडलं होतं. बोटी नुकत्याच लागल्या होत्या आणि सगळी माणसं किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात मासळी उतरवत होती. साहेबांनी घड्याळ सुरू केलं. वामनराव धोतर सावरत वाळूतून धावत सुटले.

"वत्सलाबाई, मेलो! यंदाही शून्य!"

वत्सलाने टोपलीत बोंबील भरता भरता मान वर केली. ताजी मासळी टाकून कोणीही येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ती स्वतःही आली नसती. तिने एकवार टोपलीकडे बघितलं आणि पदर खोचून ओरडली, "अगो बायांनो, गाडी बाजाराच्याच वाटंनं जाते! उचला टोपल्या!"

मग जे झालं ते कोणत्याही सरकारी कागदात बसणारं नव्हतं. बायका टोपल्या घेऊन धावल्या, पुरुष मागून बर्फाची पोती घेऊन धावले, पोरं उगाचच धावली. दोन्ही गाड्या दारापर्यंत भरल्या. साहेबांनी घड्याळ थांबवलं, तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे काय आहे?"

"मौल्यवान वस्तू," वत्सला म्हणाली. "आनि तीन दिवसांचं अन्न. कागदात लिवलंय नं?"

साहेबांनी वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी आभाळाकडे पाहिलं.

आता राहिलं ते वळणं. मारुती ड्रायव्हरने गाडी मागे घेतली. ओटीवर उभ्या राहून गोजराबाई हात हलवत होत्या, "येऊं दे, येऊं दे, आजून येऊं दे, बास!" जन्मात कधी गाडीत न बसलेली ती बाई अशा थाटात हुकूम सोडत होती की मारुतीने आरशात बघणंच सोडून दिलं. एकदा मागे, एकदा पुढे, आणि गाडी वळली. तिच्यामागून दुसरीही वळली. वत्सलाने खिडकीतून डोकं बाहेर काढून निरीक्षकांकडे बघितलं. ते वहीत तोंड घालून बसले होते.

बोईसरच्या नाक्यावर पेच पडला. बाजार दिसताच बायकांनी घंटीची दोरी खेचून खेचून गाडी थांबवली आणि चंद्रकांता टोपली घेऊन पायरीवर आली. वामनराव आडवे आले. "इथे उतरलात तर मोजणी मासवणला शून्य होईल हो!"

"मासवनपरत मासली वास मारंल!" चंद्रकांता म्हणाली. सगळ्या गाडीने तिची री ओढली. वत्सलालाही बाजार समोर दिसत होता, आणि टोपलीतल्या मासळीवर घरचा सगळा आठवडा होता. उतरलो तर मासळी विकली जाईल, पण आजची तालीम बुडेल, आणि बुडालेल्या तालमीत गाडी वळली काय न् न वळली काय, कोण विचारतो? तिने टोपली बाजूला सारली. मग ती उठली आणि पायरीवर जाऊन उभी राहिली.

"मासवनला मानसं राहतात का नाय?" तिने विचारलं.

"राहतात की," वामनराव म्हणाले.

"ती मासली खातात का नाय? ताजी मासली त्यांच्या दारात कधी जाते? बसा समद्याजनी. चंद्रकांताची नाय विकली गेली तं माझ्या टोपलीची कमाई तिनं घ्यावी, मी रिकामी येईन."

चंद्रकांता टोपली मांडीवर घेऊन खाली बसली. "मारुतीभाऊ, सोडा गाडी," ती म्हणाली. "माझी मासली माझी मी विकीन. हिची कशाला पायजे मला!"

मासवणच्या शाळेत डॉक्टर, अग्निशामक दलाचे जवान, होमगार्ड असे सगळे आपत्तीग्रस्तांची वाट बघत बसले होते. आपत्तीग्रस्त उतरले, रांगेत उभे राहिले, मोजले गेले: एकशे एकोणसाठ. सही होताच त्यांनी व्हरांड्यात टोपल्या मांडल्या. बातमी पाड्यापाड्यांवर पोचायला वेळ लागला नाही. डोंगराकडच्या बायका शेजारणींना घेऊन आल्या. बोंबील इतके ताजे मिळतात, यावर त्यांचा विश्वासच बसेना. जखमींसाठी ठेवलेल्या स्ट्रेचरवर एका जवानाने दोन घोळ मासे आणि पापलेटं ठेवली आणि डॉक्टरांनी काही म्हणायच्या आत झाकूनही टाकली. तासाभरात टोपल्या रिकाम्या झाल्या. अशी आनंदी आपत्ती तालुक्याने पाहिली नव्हती.

जाण्यापूर्वी साहेबांनी रिवाज म्हणून विचारलं, "कुणाची काही अडचण?"

वत्सला पुढे झाली. कमरेच्या पिशवीतून तिने डेपोचं पत्र काढलं आणि न बघता, एक अक्षर न चुकता म्हणून दाखवलं. मग ती निरीक्षकांकडे वळली. "भाऊ, आज सदर गावी गाडी वळली का नाय? तुमीच सांगा."

"वळली," निरीक्षक पुटपुटले. "पण ते आपत्तीपुरतं."

"आनि आपत्ती काय अर्ज करून येनार?" वत्सलाचा आवाज चढला आणि मग ती साहेबांकडे वळली. "वर्षातनं एकदा आलेल्या ड्रायवराला आमचा रस्ता ध्यानात राहील का, साहेब? रोज आली गाडी, तं त्यालाबी सवय होईल, आमालाबी. माझी पोर कालेजात जाईल."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी अहवालाचा कागद पुन्हा पुढे ओढला आणि मोठ्याने वाचत वाचत लिहिलं, "चालक व ग्रामस्थ यांना सवय राहावी, म्हणून सदर..." ते थांबले, 'सदर' खोडलं, आणि लिहिलं, "खाजणपाडा येथे रोज सकाळ-संध्याकाळ गाडी सोडणे आवश्यक." निरीक्षकांना त्याखाली सही करावी लागली. साहेबांसमोर पेन सापडत नाही, असं त्यांना म्हणता येईना.

कागद हलायला चार महिने लागले, पण हलला. जूनअखेरीस एका सकाळी मारुतीचीच गाडी देवळासमोर वळून उभी राहिली. पावसाळ्यासाठी बोटी शाकारून ठेवल्या होत्या, विकायला मासळी नव्हती, तरी वत्सला मंदाच्या पाठोपाठ गाडीत चढली. कंडक्टरने विचारलं, "कुठं जायचं, बाई?"

"पालघर. कालेजापरत."

"काम काय आहे तिथं?"

"काय नाय. पोर कुठं बसते ते बघते आनि ह्याच गाडीनं परत येते."

ती खिडकीशी बसली. गाडी सुटली आणि तो सात किलोमीटरचा रस्ता, ज्याचा खड्डा न् खड्डा तिच्या पायांना ओळखीचा होता, भराभर मागे पडू लागला. डोक्यावर काही नव्हतं, मांडीवर काही नव्हतं. हातांचं काय करायचं, तेच तिला कळेना. शेवटी तिने मंदाचा हात धरला. तिला रडू येत होतं, आणि मंदा हसत होती.