रक्त पिणारा नवरा

लग्न झाल्यापासून शिंपीणबाईंची एकच तक्रार होती, नवरा रक्त पितो. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि घरी आल्यावरही चुका काढायचा. बाई जरा काही बोलल्या की याची सुधारणा तयार!

मग बाई पिवळ्याफटक पडल्या. शिलाईमशीनवर बसल्या तरी धाप लागू लागली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "रक्त तयार होतंय, पण आतल्याआत फस्त होतंय. शत्रू घरचाच आहे."

बाईंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"तसं नाही हो!" डॉक्टरीणबाई हसल्या. "शरीराची राखण करणाऱ्या पेशीच स्वतःच्या रक्तावर उठल्यात."

आपल्या चुका काढण्याचा याच्याशी संबंध नाही, हे नवऱ्याला कळलं, पण तोंड उघडायचा धीर होईना. विषाची परीक्षा कशाला? बायको बरी होईपर्यंत एकही चूक काढायची नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

सोनोग्राफीत अंडाशयात गाठ दिसली. गाठ काढली, तपासली, तर लिम्फोमा निघाला. हा कर्करोग अंडाशयात सहसा सापडत नाही, आणि रक्ताची नासाडी बहुधा त्याच्यामुळेच होत होती. "बघा, दुकानात नसलेला माल नेमका माझ्याच वाट्याला," बाई म्हणाल्या. नवऱ्याला हसू आलं नाही. त्याला फार भीती वाटत होती.

केमोथेरपी सुरू झाली. वॉर्डाच्या वाटेवर पाटी होती, 'शस्त्रक्रीया विभाग'. तो दीर्घ 'क्री' पाहून त्याचा हात खिशातल्या पेनाकडे जायचा, पण तो तोंडातून ब्र काढत नसे. बाई अधूनमधून त्याच्याकडे टक लावून बघायच्या. घरात इतकी शांतता त्यांनी आजवर अनुभवली नव्हती, आणि ती त्यांना सोसवेना.

अखेर एका तपासणीनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीचा मागमूस नाही. रक्तही टिकतंय."

बाहेर आल्याबरोबर बाई मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलंत? माझी हिमोग्लोबिन वाढली!"

नवऱ्याने ओठ घट्ट मिटले. कान लालबुंद झाले.

"केवढी वाढली हो, माझी हिमोग्लोबिन!"

आता मात्र बाईंचे डोळे भरून आले. "अहो, बोला की! मी मरणार म्हणून गप्प होतात ना? नाही मरत मी."

"वाढलं," तो कसाबसा म्हणाला. "हिमोग्लोबिन वाढलं. नपुंसकलिंग." आणि भर कॉरिडॉरमध्ये हुंदके देऊन रडू लागला.

बाईंनी पदराने त्याचं नाक पुसलं. "प्या," त्या म्हणाल्या. "आता भरपूर आहे."