साठ की सत्तर

माणसाची परीक्षा संकटात होते, पोलादाची दाबाखाली. आणि दोघांनाही फेरपरीक्षेची सवलत नसते. हे वाक्य आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलेलं आहे. लिहिलं मी. मी इतिहासात एम.ए. आहे आणि वर्कशॉपमध्ये गेलो की मला दारातच थांबवून हेल्मेट घालतात, कारण आत कुठली वस्तू कुठून पडते ते मला अजून कळलेलं नाही.

कंपनीचं नाव चांदोरकर प्रेशर व्हेसल्स. ऑफिस एरंडवण्यात, वर्कशॉप मांजरीला. मध्ये पुण्याची वाहतूक असल्यामुळे ऑफिसातली चूक वर्कशॉपपर्यंत पोचेस्तोवर बऱ्याचदा दुरुस्त झालेली असते. वायू किंवा वाफ दाबून भरायच्या टाक्या आम्ही बनवतो. टाकी साधी दिसते. फुटली तर दिसत नाही.

यंदाची ऑर्डर एका साखर कारखान्याची होती. उसाचा रस गाळून जो गाळ उरतो, त्यापासून आता गॅस काढतात. तो गॅस धुऊन घ्यायला त्यांना दोन मजली उंचीची टाकी हवी होती. टाकी कोणत्या पोलादाची करायची हे ठरवणं नाजिमा बागवानचं काम. नाजिमा आमच्याकडची धातुतज्ज्ञ, वय बत्तीस. आवाज कधी चढत नाही आणि मत कधी उतरत नाही. आमच्याकडचा नियम असा, की पोलादाच्या निवडीखाली धातुतज्ज्ञाची सही झाल्याशिवाय प्लेट मागवायची नाही. नियम मालकांनीच केलेला. धातुतज्ज्ञ सही न करता नुसता बसूनही राहू शकतो, हे तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

मालक दिगंबर चांदोरकर. नातवाला ब्याण्णव टक्के पडले तेव्हा त्यांनी अभिनंदन करून उरलेल्या आठांची चौकशी केली होती. टाक्यांच्या प्लेटमध्ये ग्रेड साठ आणि ग्रेड सत्तर असे दोन प्रकार मिळतात. सत्तर जास्त ताकदीची, म्हणून पातळ चालते. साठ जरा मऊ, म्हणून जाड घ्यावी लागते. चांदोरकरांनी आयुष्यात साठची प्लेट दारातून आत येऊ दिलेली नव्हती. कोणी कारण विचारलंच, तर त्याच्याकडे असं बघायचे की त्याला स्वतःची गुणपत्रिका आठवावी.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये नाजिमानं सांगितलं, ग्रेड साठ.

"सत्तरमध्ये वाईट काय आहे?" चांदोरकरांनी विचारलं.

"काही नाही सर. फक्त जास्त ताकदीचं आहे."

चांदोरकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. याला आमच्याकडे युद्धाचा शंख समजतात.

नाजिमानं मग समजावून सांगितलं, आणि मलाही कळलं म्हणजे चांगलंच सांगितलं असणार. या गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो. ज्या वायूमुळे येतो तो ओल्या पोलादाला लागला, की पोलादात हायड्रोजन शिरतो. पोलाद जितकं कडक, तितकं ते वेल्डिंगच्या शेजारी तडकायची भीती जास्त. मऊ पोलाद सोसतं.

"म्हणजे पैलवान आजारी पडतो, म्हणून आपण दारावर अशक्त माणूस ठेवायचा," चांदोरकर म्हणाले.

"अशक्त नाही सर, मध्यम. आणि दारावर कुणी लढायला येणार नाहीये. वास येणार आहे."

खरेदी विभागाचा ऋषी खोकला. तो हसला की खोकतो. त्याच्या नोकरीचं रहस्य तेच आहे.

चांदोरकरांनी पुढं बरंच सांगितलं. सत्तरच्या टाक्या त्यांनी कुठं कुठं उभ्या केल्या, त्यातल्या किती अजून उभ्या आहेत, साठ घेतलं तर जाडी चार मिलिमीटर वाढेल, वजन वाढेल, क्रेन मोठी लागेल, आणि लोक म्हणतील चांदोरकरांना आता साठच परवडतं. नाजिमानं सगळं ऐकून घेतलं आणि सही करायला नकार दिला. सत्तरनंही काम होईल, पण पोलाद किती कडक निघेल याची वरची मर्यादा तिला खाली हवी होती, आणि ती साठमध्येच मिळत होती. एवढंच तिचं म्हणणं.

"शुक्रवारपर्यंत सही करा," चांदोरकर म्हणाले. "नाहीतर सही करणारा माणूस मला शोधावा लागेल. आणि त्याला बसायला खुर्ची लागेल."

"माझीच द्या सर. उंची जमते का बघा," नाजिमा म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली.

सही करणारा माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसात बिनकामाचा असा मीच होतो. चांदोरकरांच्या डोक्यात बापूराव होते. बापूराव कर्वे, नाजिमाच्या आधीचे आमचे धातुतज्ज्ञ. तीस वर्षं सह्या करून निवृत्त झालेले, आणि कागदोपत्री अजून आमचे सल्लागार. त्यांनी नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बापूराव कसबा पेठेत राहतात, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. गाडी लांब लावून गल्लीतून चालत गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातला कागद बघितला आणि चहा न विचारता खुर्ची दाखवली. म्हणजे काम लवकर होणार असं मला वाटलं.

कागद वाचून ते म्हणाले, "सत्तर उत्तम आहे."

मी पेन पुढं केलं.

"नाजिमानं सही केली का?"

"नाही ना. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"मग मी कशी करू?" ते खरोखर चकित झाले. "अहो इतिहासकार, तीस वर्षं मी दुसऱ्याच्या सहीखालीच सही केली. पहिली सही करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. या वयात नवीन काही सुरू करू नये, असं डॉक्टर सांगतात."

"पण सत्तर उत्तम आहे म्हणालात."

"आहेच. साठही उत्तम आहे. मुलगी हुशार आहे हो. तिला माझा आशीर्वाद सांगा." मला जिन्यापर्यंत पोचवायलाही ते आले. इतका आनंद त्यांना मी येताना झाला नव्हता.

चांदोरकर खचले नाहीत. साखर कारखान्याचे सल्लागार अनिरुद्ध वाघमारे हे अतिशय काटेकोर गृहस्थ. त्यांनी एक ओळ लिहून दिली की बाकी सगळे गप्प, असा हिशेब करून चांदोरकरांनी त्यांना फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू केला. वाघमाऱ्यांना सत्तर चालणार होतं. साठही चालणार होतं. योग्य ते पोलाद वापरावं, असं त्यांनी टेंडरमध्येच लिहिलेलं होतं, आणि योग्य कोणतं हे बनवणाऱ्यानं ठरवावं, असंही.

"म्हणजे निर्णय आमचा," चांदोरकर म्हणाले.

"अर्थातच. तुमचा अनुभव आमच्यापेक्षा मोठा आहे साहेब," वाघमारे म्हणाले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना व्यवस्थित ऐकू आला.

शुक्रवारी सकाळी नाजिमा अंजिरांची पाटी घेऊन आली. तिचे वडील मैनुद्दीनभाई मंडईत फळं विकतात. त्यांनी पुरंदरची निवडून दिलेली होती. तिनं प्रत्येकाच्या टेबलावर चार चार ठेवली. मग टेबलाचा खण रिकामा केला, पुस्तकं पिशवीत भरली, आणि खुर्चीची उंची पूर्ववत केली. चेहऱ्यावर काळजी दिसत नव्हती. घरी अम्मीला सांगूनही झालं होतं. नसीमबानूंनी विचारलं होतं, चूक तुझी आहे का? नाही म्हटल्यावर त्या भाजी निवडायला बसल्या होत्या. नाजिमा घराच्या हप्त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलली, आणि तेही हवामानाबद्दल बोलावं तसं.

चांदोरकरांच्या टेबलावर चार अंजिरं आणि तो कागद असं शेजारी शेजारी होतं. धातुतज्ज्ञ सही करत नसेल, तर मालकानं स्वतः करायची अशी सोय त्यात होती. सहीच्या वर इंग्रजीत एक ओळ छापलेली होती. मराठीत तिचा अर्थ असा: हे पोलाद या गॅसला चालेल याची मी स्वतः खात्री केली आहे. चांदोरकरांनी पेनचं टोपण काढलं. ओळ वाचली. टोपण लावलं. एक अंजीर खाल्लं. पुन्हा टोपण काढलं. काचेतून आम्ही सगळे हिशेबाच्या कागदांत डोकं घालून हे बघत होतो.

दुसऱ्या अंजिरानंतर त्यांनी नाजिमाला आत बोलावलं.

"ही अंजिरं कशाबद्दल?"

"निरोपाची सर."

"असं." त्यांनी देठ बशीत नीट ठेवला. "चांगली आहेत. पुढच्या शुक्रवारी पण आणा."

नाजिमा उभीच राहिली. ती वाक्यं मोजून ऐकते, त्यामुळे अजून एक यायचं आहे हे तिच्या लक्षात आलं असावं.

"साठ लिहा," चांदोरकर म्हणाले. "आणि खाली माझी सही लागत नाही ना, बघून घ्या."

"लागत नाही सर. माझी पुरते."

तिनं तिथंच सही केली. पुस्तकं पुन्हा खणात गेली. चांदोरकर त्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत, पण उरलेली दोन्ही अंजिरं त्यांनी घरी नेली.

प्लेट यायला काही आठवडे लागले. जाड, वीस मिलिमीटरची. ज्या दिवशी ट्रेलर मांजरीला पोचला त्या दिवशी चांदोरकर स्वतः गेले. पहिली साठ त्यांना डोळ्यांनी बघायची होती, जशी काही माणसं नकोसा जावई बघायला जातात. नाजिमा, ऋषी आणि मी सोबत होतो. मी हेल्मेट घातलेला.

क्रेननं पहिली प्लेट उतरवली. पोलादाच्या कारखान्यातून निघताना प्लेटवर पांढऱ्या रंगानं ग्रेड लिहितात. ऋषीनं ते मोठ्यानं वाचलं. साठ, मग तिरकी रेघ, मग सत्तर.

चांदोरकरांनी पुढं होऊन स्वतः वाचलं, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय.

"म्हणजे ही सत्तर आहे," ते म्हणाले.

"ही साठ आहे सर," नाजिमा म्हणाली. "सत्तरच्याही नियमात बसली, म्हणून त्यांनी दोन्ही लिहिलं. बसते कधी कधी."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"बसू शकते हे माहीत होतं. सत्तर मागवलं असतं तर ती साठमध्ये बसेलच याची हमी नव्हती. मी हमी मागत होते."

चांदोरकरांनी बोटाच्या पेरानं प्लेटवर टकटक केली. दोन्ही ग्रेडचा आवाज एकच आला.

"सत्तर असेल तर सोळा मिलिमीटर पुरली असती."

"हो सर."

"मग आपण वीस का आणली?"

"आपण साठ मागवलं होतं."

ऋषी खोकला आणि ट्रेलरच्या मागे गेला. चांदोरकरांनी नारळ फोडायला सांगितला. संध्याकाळपर्यंत ते ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, की चांदोरकरांकडे शेवटी सत्तरच आली. नाजिमानं ते खोडलं नाही. तिच्या कागदावर साठ होतं आणि खाली तिची सही होती.

नियमाप्रमाणे प्लेटचा एक तुकडा कापून प्रयोगशाळेत ओढून तोडायला पाठवला. तुटतानाचा ताण साठला चारशे पंधरापासून साडेपाचशे मेगापास्कलपर्यंत चालतो, सत्तरला चारशे पंच्याऐंशीपासून सहाशे वीसपर्यंत. तुकडा पाचशे बारावर तुटला.