सरांच्या ‘की’ची प्रतवारी

चौदा महिन्यांत माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण काही सरांच्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं, आणि त्याच चौदा महिन्यांत मी ब्लॉगवर ब्याऐंशी लेख लिहिले होते. दोन्हींचा विषय एकच, त्यामुळे आळशी म्हणून मला नावं ठेवायची सोय नव्हती. विषय होता ‘की’. कोल्हापुरी माणूस वाक्याच्या शेपटाला लावतो ती. हाय की, आलो की, जेवलोय की.

आमचं घर आजऱ्याचं, लिंगायत, काजूचा धंदा. घरात निम्मं बोलणं कन्नडमध्ये. एम.ए.ला कोल्हापुरात आले तेव्हा मेसच्या मावशींना विचारलं, “भाकरी आहे?” तर त्या म्हणाल्या, “हाय की!” मी मनात म्हटलं, नाही असं मी कुठं म्हणतेय? त्या वैतागातून माझी पीएच.डी. जन्माला आली.

प्रबंधात मात्र लिहावं लागे, ‘सदर अव्ययाचे उपयोजन संदर्भसापेक्ष असल्याचे आढळते.’ असं एक वाक्य लिहिलं की मला चहा लागायचा. ब्लॉगवर तसं नव्हतं. नेट कॅफेत तासभर बसायचं, मेसच्या मावशींची ‘की’ लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी दुबईत गाडी चालवणारा कुणी चंदगडकर खाली लिहून जायचा, “आमच्यात बी असंच हाय की!” ब्लॉगचं नावच ‘हाय की’. माझं नाव मी तिथं लावलं नव्हतं.

माझे मार्गदर्शक डॉ. हंबीरराव मूळचे पन्हाळ्याकडचे. व्याकरणात पक्के आणि आवाजाने दणदणीत. ब्लॉगची कुणकुण त्यांना लागली होती, पण त्यांनी तो वाचला नव्हता. पडद्यावर वाचलेलं ते वाचन मानतच नसत. मंगळवारी त्यांनी मला समोर उभं केलं.

“शनिवारी बाराला तिसरं प्रकरण टेबलावर. न्हाईतर सहामाही अहवालावर सही न्हाय. काय समजलीस?”

सही नाही म्हणजे नोंदणी रद्द. नोंदणी रद्द म्हणजे आमचे अप्पा, म्हणजे वडील बसलिंगाप्पा, पहिल्या एसटीने हजर, आणि सोमवारपासून मी आजऱ्याच्या गोदामात काजू निवडायला. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, कणी वेगळी. ते काम मला झकास जमतं आणि अजिबात आवडत नाही.

चार दिवस मान मोडून लिहिलं. राजारामपुरीत कृष्णातच्या टायपिंगच्या दुकानात तो टाईप करायचा आणि मी शेजारी बसून सांगायची. उसंत म्हणून त्याच फाईलच्या शेवटी मी ब्लॉगचा एक कच्चा लेख चिकटवून ठेवला होता. नेट कॅफेत लिहून पेन ड्राईव्हवर आणलेला. प्रबंधाच्याच फाईलमध्ये असला की तोही अभ्यासच वाटतो. छापण्याआधी काढायचाच होता.

शनिवारी साडेदहाला कृष्णात म्हणाला, “मॅडम, लाईट गेली की.”

लोडशेडिंग. दोनपर्यंत येणार नव्हती. मी पेन ड्राईव्ह घेऊन विद्यापीठात आमच्या विभागात पळाले, तिथं जनरेटर होता. सरांनी कपाळाला आठ्या घालून फाईल उघडली. बेचाळीस पानं, आणि एकाही पानावर मराठी नाही. नुसते कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला. कृष्णातचा जुना फॉन्ट विभागाच्या कॉम्प्युटरात नव्हता!

“चौदा म्हैन्यात हे लिवलंस व्हय?” म्हणत सर पानं सरकवत गेले. नेटवर लिहिलेलं मराठी मात्र कुठंही नीट उमटतं. त्रेचाळिसाव्या पानावर ते स्वच्छ, ठळक उमटलं. सरांच्या ‘की’ची प्रतवारी.

सर वाचत होते.

‘आमचे सर चार प्रकारची “की” वापरतात. अख्खी : “बघतो की” म्हणून लगेच चष्मा शोधतात, काम त्याच दिवशी होतं. पाकळी : चष्मा न शोधता म्हणतात, निम्मं होतं. तुकडा : खिडकीबाहेर बघून म्हणतात, तीनदा आठवण करावी लागते. कणी : “की” लांबवतात आणि लगेच चहा सांगतात. हे काम या जन्मी होत नाही.’

पुढं उदाहरणं होती. तारीख, वार, काय मागितलं आणि कधी मिळालं.

“कणी की आमच्यात न्हाय,” सर म्हणाले.

मी गप्प राहायला हवं होतं. पण तोंड सुटलंच. “सर, ग्रंथालयातल्या जुन्या ध्वनिफिती ऐकायला पत्र मागितलं होतं. आठ महिने झाले. ‘देतो की’ म्हणालात आणि चहा सांगितलात.”

सरांनी ड्रॉवर ओढला. माझा अर्ज वरच होता, त्यावर कपाचा गोल डाग. त्यांनी त्या डागावरून बोट फिरवलं. मला रडू येईल असं वाटायला लागलं. चार वर्षांचं शिक्षण मी एका चेष्टेपायी घालवलं होतं.

“हे प्रकरणात का न्हाय?”

“प्रकरणात नियमाने लिहावं लागतं, सर.”

“हे नियमानंच हाय की! वर्ग हायत, खुणा हायत, तारखा हायत. चौदा म्हैनं दुसरं काय मागतोय मी?” त्यांनी अहवाल पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. “माझं नाव कुठं येता कामा नये. ‘निवेदक क्रमांक सात’ घाल. आणि प्रबंध हुईस्तवर ब्लॉग बंद. करतीस?”

“करते की,” मी म्हटलं.

पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“कंची?”

खोटं बोलायची सोयच मी ठेवली नव्हती. सहीची रिकामी जागा मला समोर दिसत होती, अप्पांची एसटीही दिसत होती.

“पाकळी, सर,” मी म्हटलं. “निम्मा बंद करते. महिन्यातून तीनच लेख. पूर्ण बंद केला तर प्रकरणही बंद पडेल.”

सरांनी सही केली, खाली तारीख घातली. मग कपाचा डाग असलेला तो अर्ज माझ्यासमोर धरून म्हणाले, “ह्ये बी देतो की.”

मी बघत राहिले. ते टेबलावरचे कागद उलटेपालटे करत चष्मा शोधत होते. तो त्यांच्या नाकावरच होता.