एका गाडीची जागा

डोंगरावरच्या इनरकार गावाच्या पार्किंगमध्ये कासियान प्लांक म्हणेल ती पूर्व दिशा. भल्यामोठ्या गाड्या घेऊन स्कीइंगला येणारे डॉक्टर आणि वकीलसुद्धा त्याने बोट दाखवलं की मुकाट त्या रांगेत शिरत. कुणी चाकांना साखळ्या उलट्या बांधल्यात आणि कोण हँडब्रेक ओढून तो गोठवून घेणार आहे, हे त्याला शंभर पावलांवरून कळे. गाडी रात्रभर राहणार असेल तर वायपर काचेवरून उचलून उभे करायचे, नाहीतर सकाळपर्यंत ते चिकटून बसतात. त्यामुळे रांगेवरून एक नजर फिरवली की मुक्कामी कोण आणि जाणारा कोण, हे त्याला समजे. पण हा अठ्ठावन्न वर्षांचा गडी एका बाईशी मात्र धड एक वाक्य बोलू शकत नव्हता.

ती बाई म्हणजे नॉटबुर्गा, चार किलोमीटर खाली घाटरस्त्याच्या फाटकावर गाड्या सोडणारी. तिचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. कासियानचं तर लग्नच राहून गेलं होतं, कारण लग्न जमवायचं तर आधी बोलावं लागतं.

हिवाळ्यात त्या घाटरस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या राहतात आणि मधून एका वेळी एकच गाडी जेमतेम जाते. वरचं फाटक कासियानकडे, खालचं नॉटबुर्गाकडे. म्हणून गाड्यांचा एक घोळका वर सोडायचा, तो पोचला की दुसरा खाली. घोळक्यातल्या शेवटच्या गाडीवाल्याकडे गायीच्या गळ्यातली एक पितळी घंटा द्यायची. ती समोरच्या फाटकावर हातात पडली की रस्ता मोकळा. एका वर्षी दोन बसगाड्या दरीच्या तोंडाशी समोरासमोर आल्या होत्या आणि मागे कुणी घ्यायची यावर दोन्ही ड्रायव्हर दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत भांडले होते. त्यानंतर हा नियम आला, आणि तो बायबलाच्या खालोखाल पाळला जाई.

वॉकीटॉकी दोघांकडेही होते. पण त्याच चॅनेलवर बर्फ उपसणारा वेंडेलिन, स्कीवाल्यांना तारेवरून वर नेणारे पाळणेवाले, हॉटेलवाले आणि खालच्या गावातला पेट्रोलपंपवाला एगिड, झाडून सगळे कान लावून बसलेले असत. तिथे मनातलं बोलणं म्हणजे चर्चच्या पायरीवर अंघोळ करणं. त्यात आणखी एक पंचाईत होती. डोंगरात हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, राजा असो की रंक. नॉटबुर्गाचं फाटक होतं नऊशे ऐंशी मीटरवर. वीस मीटर कमी पडले म्हणून कासियान बारा हिवाळे तिला अहो-जाहो करत आला होता.

आणि आज शनिवारी तिचा तिथला शेवटचा दिवस होता. शेजारच्या खोऱ्यात नवं बहुमजली पार्किंग झालं होतं, तिथे सोमवारपासून ती जाणार होती. गरम केबिन, कॉफीचं मशीन. खिंड हिवाळ्यात बंद, म्हणजे वळसा घालून दोन तास. ती एकदा गेली की आपण तोंड उघडायला पुन्हा कधी जाणार नाही, हे कासियान पुरतं ओळखून होता.

म्हणून त्याने तीन रात्री खपून चिठ्ठी लिहिली होती. लिहिताना आपण चौदाशे मीटरवर आहोत पण ती वाचणार नऊशे ऐंशीवर, मग ‘तू’ की ‘तुम्ही’, यातच एक रात्र गेली. दुपारी तीनचा घोळका खाली सोडताना त्याने चिठ्ठीची सुरळी घंटेत कोंबली आणि शेवटच्या गाडीपाशी गेला.

गाडी होती वीबे नावाच्या एका डच माणसाची. मागे बायको, तीन मुलं, टपावर स्की. एरवी कासियान खिडकीत वाकून पाच भाषांत दरडावत असे, “घंटा खाली बाईंच्या हातात द्यायची. कुठे थांबायचं नाही.” आज त्याच्या घशातून पाचांपैकी एकही भाषा निघेना. त्याने टोपी काढली, घंटा दोन्ही हातांनी पुढे धरली आणि मान लववली.

वीबेचे डोळे भरून आले. दहा वर्षं तो या डोंगरात येत होता, पण शेवटची गाडी त्याची कधीच नव्हती, आणि निरोपाला अशी भेट कुणी दिली नव्हती.

पंचवीस मिनिटांनी वॉकीटॉकी खरखरला.

“कासियान, शेवटची गाडी पोचली,” नॉटबुर्गाचा आवाज आला. “पण घंटा नाही मिळाली.”

“म्हणजे?”

“मी हात पुढे केला. त्याने शेकहँड केला. मग खिडकीतून घंटा दाखवून टाटा करत निघून गेला.”

वेंडेलिन मध्येच बोलला, “अहो, घंटा दिसली ना? मग सोडा की गाड्या वर.”

“दिसलेली घंटा म्हणजे हातात आलेली घंटा नव्हे,” नॉटबुर्गा म्हणाली. “आज शेवटच्या दिवशी मी नियम मोडणार नाही. इथे एकशे ऐंशी गाड्या उभ्या आहेत, तीन बाळं रडतायत आणि एक बाई मला सुसंस्कृत भाषेत शिव्या देतेय. नियम नऊ काढा.”

नियम नऊ कुणी कधी वापरला नव्हता. घंटा हरवल्यास वरच्या फाटकाच्या माणसाने अख्खा रस्ता पायी उतरून तो मोकळा असल्याची खात्री करावी, आणि खाली पोचल्यावर त्यालाच घंटा समजावं.

“वेंडेलिन, फाटक सांभाळ,” कासियान म्हणाला. “वरची गर्दीही बघ.”

“बघतो. पण तू घरापाशी जी जागा रोज उपसून रिकामी ठेवतोस ना, तिथे लावू का दोन-चार गाड्या? नाहीतरी तिथे मोडकी घसरगाडीच तर आडवी टाकलेली असते.”

“त्या जागेला हात लावलास तर तुझ्यासकट तुझी गाडी दरीत घालीन.”

त्या जागेपायी कासियानने चुलतभावाशीही वाकडं घेतलं होतं, आणि गावात सगळ्यांनी हा वेडाचा झटका म्हणून सोडून दिलं होतं.

कासियान निघाला. वळणावळणाला वाकून बघायचं, कुणी अडकलंय का, भिंत कुठे ढासळलीय का. घाई होती तरी त्याने एकही वळण चुकवलं नाही, स्वभावच तसा. अर्धा रस्ता उतरला तेव्हा छातीवरचा वॉकीटॉकी बोलू लागला.

“मी एगिड, पंपावरून. अरे, तुमची घंटा सापडली. एक डच कुटुंब पेट्रोल भरायला थांबलं, पोरं म्हणतात वाजत नाही. बघतो तर आत कागद कोंबलेला.”

कासियानने बटण दाबलं, “एगिड, कागद ठेव. वाचू नकोस.”

पण वॉकीटॉकीवर ज्याचं बोट आधी बटणावर, त्याचंच राज्य. आणि एगिड एकदा दाबलेलं बटण सोडायचा नाही, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. चष्मा शोधतानाही त्याने ते सोडलं नाही. कपाटं उघडल्याचे, बायकोला हाक मारल्याचे, बायकोने “तुझ्या डोक्यावर आहे” म्हटल्याचे आवाज अख्ख्या डोंगराला ऐकू गेले. कासियान धावत सुटला. आयुष्यात प्रथमच त्याने एक वळण न बघता ओलांडलं, आणि मग मन खाऊ लागलं म्हणून परत वर जाऊन बघून आला.

“हां, सापडला,” एगिड म्हणाला. “अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ऐका. ‘नॉटबुर्गाबाई, माझ्या घराशेजारी एका गाडीची जागा आहे. अर्धी वळचणीखाली येते. बारा हिवाळे मी ती रोज सकाळी उपसतो. तिथे आजवर कुणी गाडी लावलेली नाही, कारण मी लावू दिलेली नाही. ती तुमच्या गाडीची आहे. सोमवारी दुसऱ्या खोऱ्यात जाण्याऐवजी तुम्ही तिथे गाडी लावलीत, तर मी कितीही वेळ झाला तरी पावती फाडणार नाही. आपला, कासियान.’” “अरे देवा,” एगिड म्हणाला आणि बटण सुटलं.

कासियान शेवटच्या दोन वळणांवर अगदी सावकाश चालला. परत वर पळून जावं असंही त्याच्या मनात आलं, पण खाली एकशे ऐंशी गाड्या खोळंबल्या होत्या आणि तो घंटा होता.

नॉटबुर्गा फाटकाशी उभी होती. तिच्या जागी आलेली फिलोमेना केबिनच्या खिडकीतून ओठ दाबून बघत होती. कासियान गुडघ्यापर्यंत बर्फाने माखला होता आणि टोपीतून वाफा निघत होत्या.

“रस्ता मोकळा आहे,” तो म्हणाला.

“घंटा पोचली,” नॉटबुर्गा म्हणाली आणि हात पुढे केला. घंटा हातात घ्यावीच लागते, म्हणून तिने त्याचा हात घेतला, आणि लगेच काही सोडला नाही. “माझी गाडी रुंद आहे.”

“मोजलीय मी.”

“कधी?”

“चार वर्षांपूर्वी. तुम्ही केबिनमध्ये सूप पीत होतात तेव्हा.”

“आरसे धरून?”

“आरसे धरून. वर प्रत्येक बाजूला एक वीत सोडलीय, दार उघडायला.”

नॉटबुर्गाने वर पाहिलं, खाली पाहिलं. मागे कुणीतरी भोंगा वाजवला. “बारा वर्षं,” ती म्हणाली. “बारा वर्षं तुम्ही मला रोज रिकामी घंटा पाठवलीत?” ती खरोखर रागावली होती.

कासियानने मोकळ्या हाताने टोपी काढली.

“फिलोमेना, फाटक उघड,” ती म्हणाली. “सगळे जाऊ देत. शेवटची गाडी माझी. आणि घंटा शेवटच्या गाडीतून जाते.”

अशा रीतीने कासियान प्लांक मांडीवर टोपी ठेवून, घंटा म्हणून, नॉटबुर्गाच्या गाडीतून वर निघाला. दुसऱ्या वळणावर हजार मीटरची पाटी आली.

“आता बोल,” ती म्हणाली. “तू सोमवारचं लिहिलंस. आज शनिवार आहे.”

“रविवारचा दिवस सामान आवरायला लागेल तुम्हाला... तुला, असं वाटलं.”

“सामान मागे भरलेलंच आहे. दुसऱ्या खोऱ्यात जायला निघाले होते ना मी.”

वरच्या फाटकावर वेंडेलिनने गाडी अडवली. “घंटा कुठाय?”

“ही काय, बसलीय,” नॉटबुर्गा म्हणाली.

पार्किंगमध्ये वेंडेलिनने गाड्या अशा लावल्या होत्या की देवालाही सुटल्या नसत्या. एक तर दोन रांगांच्या मध्ये आडवी. एरवी कासियानने आकाशपाताळ एक केलं असतं. आज त्याने तिकडे मानही वळवली नाही. घरापाशी उतरून त्याने मोडकी घसरगाडी ओढून बाजूला केली आणि दोन बोटांनी, मागे, अजून मागे, बास, अशी गाडी आत घेतली. प्रत्येक बाजूला बरोबर एक वीत उरली.

वेंडेलिन कुंपणाआड उभा राहून बघत होता. वॉकीटॉकीवर एगिडचा कळवळलेला आवाज आला, “अरे, कुणीतरी सांगा काय झालं ते. इथे डच मंडळीही थांबलीयत.”

नॉटबुर्गाने इंजीन बंद केलं. ती उतरली, बोनेटला वळसा घालून समोर आली आणि हातमोजा काढून काहीतरी केलं.

वेंडेलिनने बटण दाबलं. “वायपर उभे केले,” तो म्हणाला. “दोन्ही.”