आई आली, असं धरू

दादा ज्या सरकारी कार्यालयात होता, तिथं संकट येण्याआधी त्याची तयारी करायची असा नियम होता. संकटं मात्र नियम वाचून येत नसत. त्यामुळे वर्षातला बराच काळ कार्यालय रिकामं बसे, आणि ते दादाच्या जिवाला लागे. मग उरलेली तयारी तो घरी आणायचा. बायको त्याला 'आपत्तीमंत्री' म्हणायची. खातं बिनपगारी, पण मंत्री निष्ठावान.

घर टेकडीच्या पायथ्याशी होतं आणि मागे रान. उन्हाळ्यात ते इतकं वाळायचं की रागानं बघितलं तरी पेटेल, असं आई म्हणायची. दादानं पन्हाळीतला पाचोळा काढला, भिंतीलगतची लाकडं लांब नेऊन रचली, झरोक्यांना बारीक जाळी ठोकली. औषधं, पाणी, बॅटरी भरून प्रत्येकाची एक पाठपिशवी दाराशी टांगली. आणि सुट्टीच्या दिवशी, सगळे जरा कुठे लोळत असताना, शिट्टी फुंकून सराव घ्यायचा.

शिट्टी वाजली की बायकोनं गॅस बंद करायचा, औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या धाकट्या बहिणीनं खिडक्या लावायच्या आणि मुलीनं आपल्या माशाचं भांडं उचलायचं. मग सगळ्यांनी अंगणाच्या टोकाला, सिमेंटच्या टाकीजवळ जमायचं. आसपास झाड नाही, गवत नाही; जागा दादानं फार विचार करून निवडली होती. तिथं हजेरी, आणि मग दोन गाड्यांत बसून निघायचं. मासा धाकटीच्या गाडीत, पुढच्या सीटवर. हेसुद्धा ठरलेलं होतं.

आईचे गुडघे मात्र कुठल्याच योजनेत बसत नव्हते.

"मला उगाच उठवू नकोस रे," खिडकीशी मटार सोलता सोलता ती पहिल्याच सरावाला म्हणाली. "खरी आग लागली की उठेन. तालमीला कशाला मेकअप?"

"आई, सराव म्हणजे सराव."

"मग धर की मी आले म्हणून. एवढं सगळं धरतोस, आग लागली असं धरतोस, त्यात मी एक जड झाले का?"

दादानं तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "बरं. आई आली, असं धरू."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. टाकीजवळ हजेरी सुरू झाली की दादा ओरडायचा, "आई?" आणि खिडकीतून खणखणीत आवाज यायचा, "आले रे!" नात खिदळायची. आजीचा नंबर नेहमी पहिला, कारण तिला निघावंच लागत नसे.

एकदा धाकटी म्हणाली, "दादा, एकदा तरी तिला खरंच टाकीपर्यंत चालवून बघ ना."

"नंतर रात्रभर गुडघे तू चेपणार?"

"चेपीन. आणि ती बसणार कुणाच्या गाडीत?"

"त्या वेळी बघू. आईला काय, कुठंही जागा होईल."

आग आली ती भर दुपारी. वारा फिरला आणि टेकडीवरचा धूर गोणपाट टाकावं तसा घरावर पडला. रस्त्यावरून भोंगा ओरडत गेला, "ताबडतोब निघा! थांबू नका!" दादानं शिट्टी फुंकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी कुरकुर केली नाही. गॅस बंद झाला, खिडक्या लागल्या, भांडं उचललं गेलं. टाकीजवळ कोण कुठं उभं आहे ते दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना दादानं हजेरी घेतली.

"आई?"

"आले रे!"

आवाज नेहमीसारखाच खणखणीत. सगळे गाड्यांकडे धावले. दादाला वाटलं, धाकटीची गाडी बुटकी, आईला चढायला सोपी, ती तिकडेच बसणार. धाकटीला वाटलं, दवाखान्यात जाताना आई नेहमी दादाच्याच गाडीत बसते. दोघांचंही वाटणं अगदी शहाणपणाचं होतं.

गावाबाहेरच्या शाळेत लोकांची सोय केली होती. दादाची गाडी आधी पोचली. मागून धाकटी आली तसा तो धावत गेला. "थांब, आईला मी उतरवतो. तिला एकदम उभं राहता येत नाही."

धाकटी स्टिअरिंग धरून तशीच बसली. "आई तुझ्या गाडीत आहे ना?"

शेजारच्या सीटवर, पट्टा लावलेल्या भांड्यात, मासा गोल फिरत होता.

दादा परत फिरला. पोलिसांनी त्याला पुलाशी अडवलं. आपण आपत्ती खात्यातले आहोत, असं तो ओरडून सांगत होता. "म्हणजे तुम्हाला नियम माहीत असेल," पोलीस म्हणाला, आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचा एक जवान शाळेत आला. हेल्मेट काखेत धरून तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"घरात नव्हत्या त्या," तो म्हणाला. "टाकीला टेकून बसल्या होत्या. जाळ तिथवर पोचलाच नाही. धुरानं गेल्या."

"टाकीजवळ?" धाकटीनं विचारलं.

"हो. पाठीवर पिशवी होती. दोन्ही पट्टे नीट अडकवलेले."

खरी आग लागली की उठेन म्हणाली होती, उठली. त्या गुडघ्यांनी, त्या धुरातून, ठरलेल्या जागी येऊन बसली. दादानं जागा अचूक निवडली होती; चौकशीला आलेल्या वरिष्ठांनीही तसं सांगितलं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात दादानं हळूच काढला.

आता ते भाड्याच्या घरात राहतात. आजूबाजूला झाड नाही. शिट्टी कुठं गेली ते कुणी विचारत नाही. धाकटी भावाशी बोलते, पण जेवलास का, एवढंच.

मासा धडधाकट आहे. त्याचं पाणी दादा बदलतो. मुलगी म्हणते, बाबा, मी करते ना, माझाच आहे तो. दादा तिला हात लावू देत नाही. भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत, तो मोरीपर्यंत जातो आणि तसाच परत येतो.