थोरला बंद, शेंडेफळ चालू

आई बंद.

गुडघाभर खोल चर. चरात वाळू, वाळूत जाड काळी केबल, केबलवर विटा.

स्कूटरच्या सीटखाली मांजरीची तीन पिल्लं.

जळालेल्या मिक्सरचा वास मला आवडतो. हे लग्नाआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"एकदा जरी ट्रिप झालं, तर गॅरेज स्कूटरचं."

०

आता नीट सांगते.

आमच्या मेन बोर्डावर खोल्यांची नावं नाहीत, माणसांची आहेत. बाबा, म्हणजे माझे सासरे, वायरमन. जो ज्या खोलीत असायचा, त्याचं नाव त्यांनी खटक्याखाली पट्टीवर लिहिलं. पुढे माणसांनी खोल्या बदलल्या, पट्ट्या तशाच राहिल्या. थोरला म्हणजे माझा नवरा, आई म्हणजे सासूबाई. पण 'थोरला' पाडला की बंद पडतं आईंचं शिवणयंत्र. 'आई' पाडली की स्वयंपाकघर. शेंडेफळ म्हणजे नणंद, ती सासरी गेली. तिच्या नावावर आता गीझर तापतो.

वायरमन मीही आहे. परवाना भिंतीवर टांगलाय. मोटारी, मिक्सर, पंखे यांच्यातली जळालेली तार काढून नवी गुंडाळते. कुठे? जेवणाच्या टेबलावर. भाजीत तांब्याचा तुकडा निघाला, त्या दिवशी नवरा म्हणाला, "बाई गं, तू गॅरेज घे."

"तिथे एक बल्ब सोडला तर वीज कुठाय?"

"मग ने की. पोटापाण्यासाठी दुसरं काय करतेस?"

बाबांनी पेपर खाली केला. "माझ्या बोर्डाला हात लावणार?"

"तुमच्यासमोर लावते."

"मी खुर्ची टाकून बसेन. चूक दिसली तर बोलेन."

"नाही दिसली तरी बोलाल."

त्यावर बाबांनी ती अट घातली: खटका एकदा जरी पडला, तर गॅरेज त्यांच्या स्कूटरचंच राहणार. स्वयंपाकघरातून आई म्हणाल्या, "मी सूनबाईच्या बाजूने."

"तुला वायरिंगमधलं काय कळतं?"

"थोडंफार."

०

सकाळभर, कुठला खटका कुठे जातो ते तपासणं.

"थोरला बंद!"

"शेंडेफळ चालू!"

"आई पडली का?"

"पडली!"

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "सगळे बरे आहात ना?"

मग मेन बंद, टेस्टर लावून खात्री, आणि बोर्डातल्या रिकाम्या जागेत नवा खटका. तिथून केबल भिंतीतून, अंगणाखालून, गॅरेजमध्ये माझ्या छोट्या बोर्डावर. वीज कुठे गळली तर आपोआप पडणारा खटकाही त्यात बसवला. जुना बल्ब याच बोर्डावर घेतला. बाबा खुर्चीसकट मागे मागे. "स्क्रू घट्ट कर." केला होता. "अर्थिंग?" झालं होतं. तोंड जरा उतरलं त्यांचं.

मेन चालू. मोटार लावली. फिरली, गुणगुणली. मी कमरेवर हात ठेवले.

"बल्ब लाव," बाबा म्हणाले.

लावला. खट्!

सगळं गार. बाबांनी स्कूटरच्या सीटवर थोपटलं. खालून पिल्लं ओरडली.

०

केबल तपासली. ठणठणीत. बल्ब बदलला. खट्. बल्ब काढला, तर मोटार मजेत फिरते. म्हणजे दुखणं बल्बच्या वायरीत. मेन बंद करून शिडीवर चढले आणि परतीची काळी वायर बोटाने धरून निघाले. ती माझ्या बोर्डाकडे येतच नव्हती. भिंतीतल्या भोकातून बाहेर पडून ती सरळ अंगणातल्या दिव्याला जाऊन मिळाली होती.

वीज जायची माझ्या बोर्डातून आणि परतायची अंगणाच्या वाटेने, थेट घरात. माझा खटका बिचारा हिशेब लावायचा: गेली तेवढी आली नाही, नक्की गळली. पडायचा.

"बाबा, ही वायर कुणी ओढली?"

बाबा चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छ होता.

"वायर संपली होती गं. म्हटलं, उद्या नीट करू."

"मग?"

"उद्या शेंडेफळ झाली."

दारात आई पदर तोंडाला लावून हसत होत्या. नवरा हसला. शेवटी बाबांचं पोट हलायला लागलं, आणि मग काय, स्कूटरला धरून उभे राहिले.

"आण ती पक्कड. माझी चूक मी तोडतो."

"आधी मेन बंद आहे का बघा."

"हो, मॅडम!" गेले, बघून आले, मगच तोडली. मी नवी वायर माझ्या बोर्डापर्यंत आणली. मेन चालू. मोटार फिरली, बल्ब लागला. लागलेलाच राहिला.

बाबांनी पेन काढलं.

"गॅरेज लिहा," मी म्हटलं.

"आपल्याकडे खोल्यांची नावं लिहीत नाहीत." पट्टी चिकटवून त्यांनी कुंपणाकडे तोंड केलं आणि ओरडले, "सूनबाई चालू!"

स्कूटर अंगणात गेली, पिल्लांसकट.

०

तेहतीस वर्षांपूर्वी ती वायर ओढताना शिडी आईंनी धरली होती. तेव्हा त्यांना नववा महिना होता.