मगरवाघाचं नाव

आभार मानायची मला सवय नाही. बहुतेकांनी तशी वेळच आणली नाही. हे एका बाईसाठी लिहितोय.

मलकापुरात माझं केस कापायचं दुकान. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन दुकानातल्या रद्दीवर झालं. सांगलीचं एक साप्ताहिक माझी कादंबरी क्रमशः छापत होतं, सूर्य न उगवणाऱ्या मुलखाची. संपादकानं कळवलं, पुढच्या भागात वाचक घाबरला नाही तर कादंबरी बंद.

मी श्वापद बनवलं. धड वाघाचं, जबडा आणि शेपूट मगरीचं. पाण्यातून येतं, झाडावर चढतं. नाव मगरवाघ. रजेवर आलेला हवालदार मानसिंग खुर्चीत होता, त्याला वाचून दाखवलं.

"गड्या, झाडावर चढताना एवढी शेपटी ठिवतं कुठं? खिशात?"

सगळं दुकान हसलं. मी वस्तरा खाली ठेवला. ते बरं केलं.

दुपारी थोरली बहीण हरणाबाई भाकरी घेऊन आली. तिलाही ऐकवलं.

"आक्का, नखं आणखी लांब करू?"

"नखं ऱ्हाऊ दे. ह्यातली माणसं सारखी मगरवाघ आला, मगरवाघ गेला म्हणत्यात. पावणा हाय व्हय त्यो?"

"मग काय म्हणू?"

"आपल्या आबाला साप चावला तवा घरात कुणी साप म्हणलं का? पान लागलं म्हणलो. आई अजून तेवढंच म्हणती."

मी सगळीकडून नाव खोडलं. आता त्या मुलखातली आई नदीकाठच्या पोराला एवढंच म्हणते, "आत ये, पाणी हललं."

मानसिंग पुन्हा दाढीला आला तेव्हा त्याला नवा भाग वाचून दाखवला. त्याच्या गालावरचा साबण सुकला.

"ते पाण्यातनंच येतं न्हवं?" तो म्हणाला. "आज मी सडकंनं जातो घरी."

संपादकानं भाग छापायला घेतला, कादंबरी बंद पडायची वाचली. भागाच्या वर मी लिहिलं होतं, 'हरणाबाईच्या उपकारानं.' त्यानं विचारलं, अडाणी बाईचं नाव कशाला? मी उलट कळवलं, अडाणी तुम्ही. नाव काढाल तर पुढचा भाग मिळणार नाही.

अंक आला. आक्कानं तो हातात धरला.

"ह्यात मी कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. तिनं पदरानं डोळे पुसले, परत पाहिलं.

"लय बारीक छापलंय रं," ती म्हणाली.